फुल पुसला, लॉग लटकले: एक्सचेंज सर्व्हरच्या जुन्या बॅकअपचे एक प्रकरण

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातला सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. एक्सचेंज सर्व्हर २०१९ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), तोही एकच. दुसरी प्रत सांभाळणारा डीएजी (अनेक एक्सचेंज सर्व्हरांचा गट) नाही. मेलबॉक्स चारशेच्या आसपास, डेटाबेस तीन: ३८०, ३४० आणि २१० जीबी, एकूण ९३० जीबी. रोज साधारण २५ जीबी ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची क्रमवार नोंद) तयार होतात. (अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी आढळते, त्यावरूनच हे प्रकरण बेतले आहे, हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून आकडे गोल केले आहेत.)

बॅकअपचे वेळापत्रक सगळीकडे असते तसेच. रविवारी रात्री १० वाजता फुल (संपूर्ण प्रत), सोमवार ते शनिवार रोज रात्री इन्क्रिमेंटल (आदल्या बॅकअपनंतरचे तेवढेच), सगळे एका नॅसवर (नेटवर्कवरच्या साठ्यावर). महिनाअखेरीस एक जादा प्रत यूएसबी डिस्कवर काढून ती तिजोरीत. ही जादा प्रत ‘कॉपी’ प्रकारची, म्हणजे ती घेतल्यावर एक्सचेंज लॉग कापत (सर्व्हरवरून पुसत) नाही आणि रोजच्या क्रमाला धक्का लागत नाही. कागदावरचे धोरण एका ओळीचे: गेल्या २८ दिवसांतल्या कोणत्याही रात्रीची स्थिती परत मिळाली पाहिजे.

पुढचे सगळे ज्यावर उभे आहे ती गोष्ट आधी सांगतो. इन्क्रिमेंटलमध्ये डेटाबेसची फाइल नसते, फक्त लॉग असतात. प्रत्येक लॉग १ एमबीचा. नावात आधी ई०० आणि मग आठ अंकी क्रमांक, तोही सोळाच्या पायावरचा. परत उभे करताना फुलमधली ईडीबी (डेटाबेसची) फाइल घ्यायची आणि तिच्यावर एकेक लॉग क्रमाने रिप्ले करत, म्हणजे त्यातले बदल पुन्हा लावत जायचे. मध्ये एक क्रमांक जरी नसेल तरी गाडी तिथेच थांबते. एक्सचेंज मधला लॉग ओलांडून पुढे जात नाही आणि त्याने तसे जाऊही नये.

जागेचा चुकलेला हिशेब

एका आठवड्याची साखळी म्हणजे एक फुल आणि सहा इन्क्रिमेंटल. फुलमध्ये ९३० जीबीच्या ईडीबी आणि त्या दिवसाचे लॉग मिळून ९५५ जीबी. सहा इन्क्रिमेंटल १५० जीबी. साखळी ११०५ जीबीची झाली. नॅस घेताना कोणीतरी ११०५ ला ४ ने गुणले, उत्तर ४४२० आले, आणि ५५०० जीबी वापरण्याजोगी जागा भरपूर वाटली.

खोट या चारामध्ये आहे. शनिवारी रात्री २८ दिवस मागे मोजले की त्याच्या आधीच्या चौथ्या शनिवारवर येतो. तो शनिवार परत मिळवायचा तर त्याच्या आदल्या रविवारचा फुल आणि सोमवारपासूनचे सगळे लॉग लागतात, म्हणजे आणखी एक अख्खी साखळी. चार आठवड्यांच्या धोरणाला शनिवारी रात्री पाच साखळ्या लागतात: ५५२५ जीबी. नॅसवर ५५००. पाचव्या शनिवारी २५ जीबी कमी पडले आणि त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल जागा नाही म्हणून पडला.

इथपर्यंत फारसे बिघडले नव्हते. इन्क्रिमेंटल पडला की लॉग कापले जात नाहीत, ते सर्व्हरवर तसेच राहतात आणि रविवारच्या फुलमध्ये जातात. एका रात्रीची पुनर्स्थापना गेली, एवढेच. शिवाय त्याच रात्री उशिरा पहिल्या साखळीच्या शेवटच्या इन्क्रिमेंटलचे २८ दिवस भरत होते; ते भरल्यामुळे रविवार रात्रीचा फुल सुरू होताना बॅकअप सॉफ्टवेअरने ती साखळी स्वतःच मोकळी केली असती आणि रविवारच्या ९५५ जीबींना ११०५ जीबी जागा मिळाली असती.

रविवार दुपार

नॅस ९९ टक्के भरल्याची सूचना आली. ड्यूटीवरच्या माणसाने फाइल एक्सप्लोरर उघडला, तारखेने आणि आकाराने क्रम लावला. वर दोन राक्षसी फाइली: साखळी १ चा फुल आणि साखळी २ चा फुल. त्या पुसल्या, १९१० जीबी मोकळे झाले. इन्क्रिमेंटल ‘लहानच आहेत, राहू देत’ म्हणून ठेवले. रात्री साखळी ६ चा फुल हिरव्या खुणेसह पूर्ण झाला आणि सोमवारी सकाळच्या अहवालात सगळे ठीक होते.

अहवाल ठीक दिसण्याचे कारण असे की बॅकअप सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (कोणता बॅकअप कुठे आहे याची यादी) वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. फाइल बाहेरून पुसली तर कॅटलॉगला त्याचा पत्ता नसतो. पुन्हा इन्व्हेंटरी (हजर फाइलींची मोजदाद) केली, किंवा कोणी रिस्टोअर करायला गेले, तेव्हाच ‘मीडिया सापडत नाही’ असे उत्तर येते. इथे ते मंगळवारी आले.

मागणी काय होती

मंगळवारी खरेदी विभागाकडून निरोप आला. एका पुरवठादाराशी दरमंजुरीवरून वाद आहे आणि त्या व्यवहाराच्या मेलचा फोल्डर संबंधित कर्मचाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये नाही. चौकशीअंती कळले की साखळी २ मधल्या गुरुवारी सकाळी शिफ्ट-डिलीट दाबून पूर्ण फोल्डर उडवला गेला. त्याला २६ दिवस झाले होते. बुधवार रात्रीची स्थिती हवी होती, म्हणजे २७ दिवसांपूर्वीची. धोरणातल्या २८ दिवसांत ती बसत होती. दोन दिवसांपूर्वीपर्यंत मिळतही होती.

पहिली धाव अर्थातच आउटलुकमधल्या ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’कडे. तिथे काही नाही. डेटाबेसवर डिलीटेड आयटम रिटेन्शन (पुसलेले मेल मागे ठेवण्याची मुदत) मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस होते आणि सिंगल आयटम रिकव्हरी, म्हणजे त्या मुदतीत मेल कायमचे काढू न देणारी सोय, बंद होती (स्वतःच्या सर्व्हरवर ती मुळात बंदच येते). चौदाव्या दिवसानंतर मेल गेले.

साखळी नेमकी कुठे तुटली

साखळी २ चा फुल नाही, पण सोमवार, मंगळवार, बुधवारचे इन्क्रिमेंटल जागेवर आहेत. तिजोरीतल्या यूएसबी डिस्कवर साखळी १ मधल्या शुक्रवारी रात्री, इन्क्रिमेंटल झाल्यावर, घेतलेली महिनाअखेरची कॉपी आहे. मग मनात येते ते असे: कॉपीतली ईडीबी घ्या, तिच्यावर शनिवारचे लॉग, मग सोमवार ते बुधवारचे लॉग चढवा. लॉगचा क्रम फुल घेतल्यामुळे नव्याने सुरू होत नाही, तो चालूच असतो, त्यामुळे जुन्या ईडीबीवर पुढच्या आठवड्यांचे लॉग चढवता येतात. तत्त्व बरोबर आहे.

अडचण रविवारची. शनिवार रात्रीच्या इन्क्रिमेंटलनंतर रविवार रात्रीपर्यंत तयार झालेले लॉग कुठे आहेत? ते रविवारच्या फुलमध्ये गेले, फुल यशस्वी झाला आणि एक्सचेंजने ते सर्व्हरवरून कापून टाकले. सोमवारचा इन्क्रिमेंटल त्यांच्या पुढून सुरू होतो. म्हणजे फुल ही साखळीची सुरुवात आहेच, पण आदल्या चोवीस तासांच्या लॉगची एकमेव प्रतही तीच आहे. फुल पुसला की पुढच्या सहा इन्क्रिमेंटलचा पाया जातो आणि मागून येणारी वाटही तुटते. हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बॅकअपच्या पडद्यावर फुल आणि इन्क्रिमेंटल अशी दोनच चित्रे दिसतात. लॉगचे क्रमांक दिसत नाहीत.

क्रमांक पाहण्यासाठी एक्सचेंजसोबत येणारे ईएसईयूटिल हे साधन पुरते. ३८० जीबीच्या पहिल्या डेटाबेससाठी तीन तपासण्या केल्या:

ईएसईयूटिल /एमएच, कॉपीतल्या ईडीबीवर. स्थिती ‘डर्टी शटडाउन’ (काही लॉग चढवणे बाकी), आवश्यक लॉग ४१२३०६ ते ४१२३३१. चालू डेटाबेसची प्रत घेतलेली असल्याने डर्टी असणे साहजिक आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरायचे ते या पल्ल्यातला एखादा लॉग हाताशी नसेल तर.

ईएसईयूटिल /एमएल ई००, कॉपीतले आणि शनिवारचे लॉग एका फोल्डरात ठेवून. ४१२३०६ पासून ४१८७१२ पर्यंत सलग. खंड असता तर हे साधन हरवलेल्या लॉगची रांगच छापते.

तीच तपासणी सोमवारच्या लॉगवर, वेगळ्या फोल्डरात. पहिला क्रमांक ४२०८४५.

मधले ४१८७१३ ते ४२०८४४, म्हणजे २१३२ लॉग नाहीत. जेमतेम दोन जीबी. या दोन जीबींसाठी सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे सगळे लॉग निकामी.

इथे दोन मोह होतात. एक, /आर (रिप्लेची आज्ञा) सोबत /ए लावण्याचा. /ए म्हणजे शेवटचे कमिट झालेले लॉग गमावून चालेल अशी परवानगी. डेटाबेस सुसंगत राहत असेल तरच ती लागू पडते आणि रिप्ले खंडाच्या अलीकडेच थांबतो. खंडावरून उडी मारण्याची सोय ती नाही. दुसरा मोह /पी चा. /पी नादुरुस्त पाने फेकून डेटाबेस कसाबसा उघडण्याजोगा करते, आणि त्यानंतर त्या ईडीबीवर जुने लॉग कधीच चढत नाहीत. हाताशी निरोगी प्रत असताना /पी चालवणे म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करणे. त्यातही एकमेव मूळ प्रतीवर चालवणारे असतात. काम नेहमी नकलेवर करावे.

पहिली वाट: कॉपी आणि शनिवारपर्यंतचे लॉग

या वाटेने शनिवार रात्रीपर्यंतचा फोल्डर, त्याच्या आतल्या उपफोल्डरांसकट मिळतो. खरेदीच्या वादातले बरेच मेल त्याआधीचे होते, म्हणून ही वाट सोडली नाही.

रिकव्हरीसाठी ६०० जीबीचा वेगळा व्हॉल्यूम घेतला. चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर हे करू नये: रिप्लेचे वाचन-लेखन चालू मेलला मंद करते, आणि तिथली जागा संपली तर चालू डेटाबेसच डिसमाउंट होतो (बंद पडतो). यूएसबीवरून सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने ३८० जीबी उतरायला तासापेक्षा पाच-सहा मिनिटे कमी लागतात.

ईडीबी एका फोल्डरात, लॉग दुसऱ्या. प्रतीसोबत आलेली ई००.सीएचके ही चेकपॉइंट फाइल (कुठपर्यंतचे लॉग लागले याची खूण) बाजूला ठेवली, कारण जुना चेकपॉइंट रिप्लेला चुकीच्या ठिकाणापासून सुरू करायला लावू शकतो. इन्क्रिमेंटलमध्ये फक्त बंद झालेले, क्रमांक पडलेले लॉग असतात, चालू ई००.लॉग नसतो. तो नसला की रिप्ले ‘चालू लॉग सापडत नाही’ म्हणून अडतो. यावर जुना उपाय आहे: ४१८७१२ क्रमांकाच्या लॉगची नक्कल बाहेर ठेवायची आणि फोल्डरातल्या फाइलचे नाव ई००.लॉग करायचे. (फाइलच्या नावातला क्रमांक सोळाच्या पायावरचा आहे, दशमान आकडा शोधत बसू नये, /एमएल दोन्ही दाखवते.)

मग ईएसईयूटिल /आर ई००, सोबत /एल ने लॉगचा, /एस ने सिस्टिम फाइलचा आणि /डी ने ईडीबीचा फोल्डर. /डी विसरले तर साधन ईडीबीला तिच्या मूळ जागी शोधते, आणि मूळ जागी चालू डेटाबेस असतो. रिप्ले संपल्यावर पुन्हा /एमएच: ‘क्लीन शटडाउन’.

त्यानंतर न्यू-मेलबॉक्सडेटाबेस ही आज्ञा रिकव्हरी पर्यायासह (यातून फक्त डेटा काढून घेण्यासाठीचा रिकव्हरी डेटाबेस बनतो), ईडीबी आणि लॉगचा मार्ग देऊन, तो उघडायला माउंट-डेटाबेस, गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्सने मेलबॉक्स आत आहे याची खात्री, आणि मेल लक्ष्याच्या मेलबॉक्समध्ये उतरवणारी न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट. लक्ष्य म्हणून त्या कर्मचाऱ्याचा चालू मेलबॉक्स दिला नाही, एक रिकामा मदतनीस मेलबॉक्स बनवला. वादातले मेल आहेत. चालू मेलबॉक्समध्ये ते मिसळले तर उद्या कोणता मेल कुठून आला हे सांगता येत नाही. मालक वेगळा असल्याने आज्ञेला लेगसीडीएन (मेलबॉक्सची अंतर्गत ओळख) न जुळण्याची परवानगी द्यावी लागते, आणि लक्ष्याचा रूट फोल्डर ‘शनिवारपर्यंत’ असा ठेवला.

दुसरी वाट: साखळी ३ चा फुल

खरा मुद्दा हा आहे. सगळ्यांचे डोळे ‘बुधवार रात्र’ या एका बिंदूवर खिळले होते, कारण बॅकअप मागे जाऊनच वापरायचा अशी सवय असते. पण फोल्डर उडाला गुरुवारी, आणि त्याच्यानंतर तीनच दिवसांनी, रविवारी, साखळी ३ चा फुल घेतला गेला, जो शाबूत होता. शिफ्ट-डिलीट केलेले मेल त्या क्षणी डेटाबेसमधून जात नाहीत. ते मेलबॉक्सच्या रिकव्हरेबल आयटम्समध्ये जातात आणि १४ दिवस राहतात. म्हणजे त्या रविवारच्या ईडीबीमध्ये ते सगळे मेल आहेत, त्यांच्या मुदतीचे अकरा दिवस शिल्लक असताना गोठलेले.

एका मशीनवर एका वेळी एकच रिकव्हरी डेटाबेस माउंट करता येतो, म्हणून पहिला उतरवून काढून टाकला. साखळी ३ चा फुल पर्यायी जागी रिस्टोअर केला. त्याचे आवश्यक लॉग त्याच संचात होते, त्यामुळे शेजारच्या साखळ्यांशी देणेघेणे नाही. रिप्ले, क्लीन शटडाउन, माउंट. रिस्टोअर रिक्वेस्ट रिकव्हरेबल आयटम्ससुद्धा आणते. एक्सक्लूडडम्पस्टर हा पर्याय लावला तरच वगळते. बऱ्याच ठिकाणी वेळ वाचावा म्हणून तयार केलेल्या स्क्रिप्टमध्ये हा पर्याय आधीच लिहून ठेवलेला असतो. अशी स्क्रिप्ट डोळे झाकून चालवली तर हाती काहीच लागत नाही आणि निष्कर्ष निघतो की मेल गेले.

एक खबरदारी रिक्वेस्टच्या आधीची. आणलेले मेल मदतनीस मेलबॉक्सच्या रिकव्हरेबल आयटम्समध्ये उतरतात आणि त्यांची पुसल्याची तारीख २६ दिवसांपूर्वीची असते. मॅनेज्ड फोल्डर असिस्टंट फिरला तर मुदत उलटली म्हणून ते साफ करू शकतो. म्हणून मदतनीस मेलबॉक्सवर डेटाबेसची मूळ मुदत वापरणे बंद केले, स्वतंत्र मुदत ६० दिवस दिली आणि सिंगल आयटम रिकव्हरी चालू केली. नंतर ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’मधून ते वर काढले. फोल्डरांची रचना या वाटेने मिळाली नाही, मेल सपाट यादीत आले. म्हणून तर पहिली वाट उपयोगी पडली. शनिवारपर्यंतचे रचनेसकट तिथून, रविवार ते बुधवारचे इथून.

ही वाट कधी चालणार नाही तेही सांगायला हवे. पुसणाऱ्याने रिकव्हर डिलीटेड आयटम्समध्ये जाऊन तिथूनही मेल काढले असते तर सिंगल आयटम रिकव्हरी बंद असताना ते तिथेच संपले असते. डेटाबेस खराब झाला असता किंवा सर्व्हर खंडणीच्या सॉफ्टवेअरने बंद पडला असता तर प्रश्न वेगळाच होता. तेव्हा नेमका बिंदू आणि सलग लॉगच लागतात.

मिळाले ते सगळे आहे का

‘सापडले’ असे कळवण्याआधी मोजणी हवी. त्यासाठी मेसेज ट्रॅकिंग लॉग, म्हणजे कोणता मेल कुठून कुठे गेला याची नोंद. त्याची मूळ मुदत ३० दिवस, आणि मंगळवारपासून मागे मोजले तर साखळी २ चा रविवार बरोबर तिसावा दिवस होता. मागणी एक दिवस उशिरा आली असती तर रविवारची नोंद गेली असती. म्हणून कोणत्याही रिस्टोअरला हात घालण्याआधी पहिल्याच तासात तो फोल्डर दुसरीकडे नकलून ठेवला. (फोल्डरच्या आकाराची मर्यादाही असते, मुळात १००० एमबी. वर्दळीच्या सर्व्हरवर ती आधी भरते आणि ३० दिवसांचे पंधराच दिवस हाती राहतात.)

गेट-मेसेजट्रॅकिंगलॉगने त्या मेलबॉक्ससाठी रविवार ते बुधवारच्या ‘डिलिव्हर’ नोंदी काढल्या: १४३. मेसेज आयडीवरून जुळवणी केली. १३९ रिकव्हरेबल आयटम्समध्ये, उरलेले ४ इनबॉक्सच्या नियमांनी दुसऱ्या फोल्डरात गेलेले आणि चालू मेलबॉक्समध्येच जागेवर. कर्मचाऱ्याने स्वतः पाठवलेले मेल ‘डिलिव्हर’मध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘सबमिट’ नोंदी वेगळ्या पाहाव्या लागतात. खरेदी विभागाला मेलसोबत ही यादीही दिली. वादाच्या कामात यादीला मेलइतकेच वजन असते.

मांडणीत काय बदलले

नॅसची जागा ८००० जीबी केली. हिशेब असा: पाच पूर्ण साखळ्या ५५२५, त्यावर नव्या साखळीचा फुल ९५५, एकूण ६४८०, डेटाबेस वाढतो म्हणून २० टक्के, म्हणजे ७७७६. सहावा फुल मुद्दाम धरला आहे. जुनी साखळी नवा फुल पूर्ण होऊन त्याची पडताळणी झाल्यावरच जावी, आधी नाही. मुदत संपली म्हणून संध्याकाळी पुसले आणि रात्रीचा फुल पडला, हा प्रकार नवा नाही.

पुसण्याचे एकक साखळी. फुल एकटा नाही, इन्क्रिमेंटल एकटा नाही, आणि पुसायचे ते बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच. नॅसच्या शेअरवर लिहिण्या-पुसण्याचा हक्क फक्त बॅकअपच्या सेवा खात्याला. रोजच्या ॲडमिन खात्याला वाचनापुरता. याचा दुसरा फायदा असा की ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तरी त्याने बॅकअप पुसता येत नाहीत.

डिलीटेड आयटम रिटेन्शन ३० दिवस आणि सिंगल आयटम रिकव्हरी सगळ्यांना चालू. याची किंमत डेटाबेसच्या आकारात मोजावी लागते. गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्समधला टोटलडिलीटेडआयटमसाइज महिनाभर पाहून अंदाज घ्यावा. रिकव्हरेबल आयटम्सची मूळ मर्यादा ३० जीबी आणि इशारा २० जीबीवर, त्यामुळे मोठ्या जोडण्या पाठवणाऱ्या डिझाइन विभागावर लक्ष ठेवावे लागेल. पण बदल्यात मिळते ते पाहा: प्रत्येक फुल आता आपल्या मागच्या ३० दिवसांत पुसलेले सगळे पोटात घेऊन असतो. ‘माझा मेल चुकून उडाला’ ही रोजची मागणी बॅकअपपर्यंत पोचतच नाही, आणि पोचली तर एक फुल पुरतो.

ट्रॅकिंग लॉगची मुदत १८० दिवस केली आणि फोल्डरची मर्यादा त्या प्रमाणात वाढवली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. ते हे लॉग, डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन लॉग नव्हेत. या गोंधळातून १८० दिवसांचे ट्रान्झॅक्शन लॉग साठवणारी मंडळीही आहेत. हिशेबाच्या पुस्तकांसाठी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ मधली ८ वर्षांची मुदत दाखवून मेलचे बॅकअप ८ वर्षे ठेवण्याचा आग्रहही होतो. लांब मुदतीसाठी संबंधित मेलबॉक्सवर होल्ड (मेल पुसले जाऊ न देणारी सोय) किंवा वेगळे आर्काइव्ह हवे. आठ वर्षांपूर्वीची ईडीबी उघडायला त्याच आवृत्तीचा सर्व्हर लागतो. एक्सचेंज २०१६ ची ईडीबी २०१९ वर माउंट होत नाही, आणि दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिजोरीतल्या प्रत्येक यूएसबी डिस्कवर तारखेसोबत एक्सचेंजची आवृत्ती आणि एन्क्रिप्शनची किल्ली कुठे आहे हे लिहिलेले असावे.

महिन्यातून एकदा चाचणी रिस्टोअर, आणि तो मुद्दाम गुरुवारचा किंवा शुक्रवारचा. रविवारच्या फुलवरून केलेली चाचणी लॉगची साखळी तपासतच नाही, म्हणून ती नेहमी पास होते. आठवड्याच्या मध्यावरचा बिंदू घेतला की /एमएल, रिप्ले, माउंट सगळे खरोखर चालते.

आणि काही कामांनंतर रविवारची वाट न पाहता लगेच फुल: ईएसईयूटिल /डी ने ऑफलाइन डीफ्रॅग (डेटाबेस बंद ठेवून फाइल आकसवणे), /पी, किंवा सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न पाहता जुने लॉग पुसणे) चालू-बंद. डीफ्रॅगनंतर डेटाबेसची सही (ओळखखूण) बदलते आणि नवे लॉग जुन्या फुलवर चढत नाहीत. सर्क्युलर लॉगिंग चालू असताना इन्क्रिमेंटल होतच नाही. लॉगची डिस्क भरली म्हणून घाईत ते चालू करून विसरणारे कमी नाहीत. लॉगची डिस्क भरण्याचे कारण बहुतेक वेळा बॅकअप यशस्वी न होणे हेच असते. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ईएसई (एक्सचेंजचे डेटाबेस इंजिन) २२४ म्हणजे लॉग कापले गेले, २२५ म्हणजे कापण्याजोगे काही नाही. रोज सकाळी हिरव्या खुणेऐवजी या दोन क्रमांकांकडे पाहावे.

राहिले ते अनाथ इन्क्रिमेंटल. खरेदीचे काम लेखी मिटेपर्यंत काहीच पुसले नाही. नंतर साखळी २ चे सहाही इन्क्रिमेंटल काढले, कारण त्यांच्यामागे काही उभे नाही. साखळी १ चे सोमवार ते शुक्रवारचे पाच काढले. यूएसबीवरची कॉपी त्यांच्या पुढची आहे, त्यांचा उपयोग नाही. दोन्ही मिळून २७५ जीबी. साखळी १ चा शनिवार मात्र ठेवला आणि त्याची नक्कल त्याच यूएसबी डिस्कवर कॉपीशेजारी टाकली, कारण त्या ईडीबीला एक दिवस पुढे नेणारे लॉग दुसरीकडे कुठेही नाहीत. हे सगळे सॉफ्टवेअरमधून काढल्यावर नॅसची पुन्हा इन्व्हेंटरी केली. कॅटलॉगमध्ये दिसत राहिलेले दोन्ही फुल तेव्हा कुठे यादीतून गेले.